कुलूपबंद वाडे आणि अकरा महिन्यांचे भाडेकरू

घरभाड्याचा प्रश्न हा मुंबई-पुण्याचा प्रश्न आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे आणि ती समाजवादी मंडळींतही खोलवर रुजलेली आहे. भाडेकरूंचे मेळावे आपण घेतले ते गिरणगावात, पागडीविरुद्ध बोललो ते गिरगावात. तालुक्याच्या गावी गेलो की आपण पाणी, ऊसदर आणि रोजगार हमी यांवर बोलतो. घराचा विषय निघालाच तर तो घरकुलाच्या यादीपुरता. खेड्यात ज्याला त्याला स्वतःचे छप्पर असतेच, मग भाडेकरू येणार कोठून, असे त्यामागचे गृहीत आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या गावाकडे जरा बारकाईने पाहिले की हे गृहीत कोलमडते.

कऱ्हाडहून विट्याकडे जाणाऱ्या गुहागर-विजापूर रस्त्यावर, कृष्णाकाठची हिरवळ मागे पडून माळरान सुरू होते त्या सीमेवर कडेगाव वसले आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. तोवर हा सारा टापू साताऱ्याचाच. महाराष्ट्राला कडेगाव माहीत आहे ते मोहरममधील उंचच उंच ताबुतांमुळे. दीड शतकाहून अधिक काळ हिंदू आणि मुसलमान मिळून हे ताबूत बांधतात आणि खांद्यावर घेऊन त्यांच्या भेटी घडवितात. ज्या जुन्या गावठाणातून हे ताबूत निघतात, त्या गावठाणात दगडी जोत्याचे, माळवदाचे, चौक-सोप्याचे वाडे आहेत. त्यांतील अनेकांच्या दाराला कुलूप आहे.

कुलूप का आहे, याचे उत्तर या भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. पूर्वी या तालुक्याचे मुख्य ठिकाण विटे होते. त्या खानापूर तालुक्यातून, आटपाडी-तासगावातून आणि साताऱ्याच्या माण-खटावातून दुष्काळाने पिटाळलेली माणसे दोन वाटांनी बाहेर पडली. एक वाट मुंबईच्या गिरण्यांची आणि गोदीची. दुसरी वाट सोने-चांदी गाळण्याच्या धंद्याची. गलाईवाले म्हणून ओळखली जाणारी ही मंडळी दिल्लीपासून तामिळनाडू-केरळपर्यंत सराफ बाजारांच्या गल्लीबोळांत पसरली. तेथे ती भाड्याच्या गाळ्यात धंदा करतात, भाड्याच्या खोलीत राहतात आणि हाती चार पैसे आले की गावी घर बांधतात. म्हणजे ज्या घरात राहायचे ते आपले नाही आणि जे आपले आहे त्यात राहायचे नाही. तीन पिढ्या परगावी भाडेकरू म्हणून काढलेल्या या माणसांच्या गावातच आज परक्या भाडेकरूला खोली मिळत नाही, हा या प्रश्नाचा पहिला विरोधाभास होय.

कडेगाव स्वतंत्र तालुका झाल्यावर परके भाडेकरू आले. तहसील, पंचायत समिती, न्यायालय, बँकांच्या शाखा, महाविद्यालये, दवाखाने आली. शाळगावच्या बाजूला औद्योगिक वसाहत झाली. ताकारी आणि टेंभूच्या योजनांचे पाणी फिरल्यावर ऊस वाढला, त्यामागोमाग कारखान्यांवरची नोकरी वाढली. या साऱ्याबरोबर कारकून, परिचारिका, शिक्षक, बँकेतला नवखा अधिकारी, कंत्राटी अभियंता, यंत्रचालक आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून शिकायला आलेली मुले-मुली आली. कोणतेही तालुक्याचे गाव घडते ते अशाच माणसांमुळे. परंतु गावाच्या हिशेबात ती धरलेलीच नसतात. (ऊसतोड कामगार तर त्याहून खाली. फडाशेजारच्या कोपीत सहा महिने काढणाऱ्याला भाडेकरू म्हणण्याइतकेही कोणी मोजत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

शासनाचे धोरण याबाबत मोठे मजेशीर आहे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांनी मुख्यालयी राहिले पाहिजे, असा आग्रह धरायचा, तसे राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागायचा आणि त्यावर घरभाडे भत्ता द्यायचा. सातव्या वेतन आयोगानंतर सर्वांत खालच्या वर्गातील गावांसाठी हा भत्ता मूळ वेतनाच्या ८ टक्क्यांपासून सुरू झाला. पण राहण्याजोगे घर त्या गावी मिळते काय, याची चौकशी कोणी केली नाही. परिणामी ज्याला परवडते तो कऱ्हाड, विटे किंवा सांगलीस राहून रोज ये-जा करतो आणि राहत असल्याचा दाखला कसाबसा मिळवितो. ज्याला परवडत नाही, म्हणजे कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचा, त्याला भत्ताच नाही. त्याने मात्र गावात खोली शोधायची.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवितो. चार वर्षांत त्याने पाच खोल्या बदलल्या. उन्हाळ्यात महाविद्यालय त्याला वेतन देत नाही, कारण तासिकाच नसतात. घरमालक मात्र उन्हाळ्याचे भाडे सोडत नाही. विजेचा मालक सांगेल तो दर, पाणी मालक सोडेल त्या वेळी, पाहुणा आला तर मालकाला आधी सांगायचे. एकदा तर घरी लग्न आहे म्हणून पंधरा दिवसांत खोली रिकामी करून घेतली आणि लग्न झाल्यावर तीच खोली पाचशे रुपये वाढवून दुसऱ्याला दिली. या गोष्टीत खलपुरुष कोणी नाही. तो मालक म्हणजे निवृत्त एस. टी. वाहक आणि त्या दोन खोल्या हेच त्याचे म्हातारपणीचे उत्पन्न.

येथे आपल्या नेहमीच्या मांडणीची अडचण होते. मुंबईत चाळीचा मालक आणि चाळीतला कामगार या दोन वर्गांतील लढा स्पष्ट दिसत होता. तालुक्याच्या गावी मालक म्हणजे पुष्कळदा विधवा, निवृत्त गिरणी कामगार किंवा माडीवरच्या दोन खोल्या काढून मुलाच्या शिक्षणाची सोय पाहणारा छोटा शेतकरी. खरे सांगायचे तर आपल्या पक्षाचे निम्मे कार्यकर्ते याच वर्गात मोडतात. भाडेकरूचा प्रश्न आपण तालुक्यात उचलला नाही, त्याचे हेही एक कारण असावे. तेव्हा भाड्यात नेमके काय असते, ते आधी पाहू. भाड्याचा एक भाग जमिनीच्या मोक्याचा. तो मालकाने कमावलेला नसतो. शेजारी तहसील कचेरी आली, रस्ता रुंद झाला की तो आपोआप वाढतो. दुसरा भाग घरात गुंतविलेल्या पैशाचा. तिसरा भाग दुरुस्तीचा आणि झिजेचा. पहिल्या भागावर समाजाचा हक्क सांगण्यात काही चूक नाही. पण तिसरा भाग गोठविला तर घर गळू लागते आणि अखेर त्याची किंमत भाडेकरूच मोजतो.

मुंबईत नेमके हेच घडले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. युद्धोत्तर टंचाईत या कायद्याने आपल्याच भागातून गेलेल्या हजारो कामगारांची घरे वाचविली, हे विसरता कामा नये. त्या कायद्याची टिंगल करणाऱ्यांनी चाळीतले पावसाळे काढलेले नसतात. तथापि पन्नास वर्षे भाडे तेथेच राहिले, मालकांनी दुरुस्ती सोडली, उघड भाड्याऐवजी चोरटी पागडी आली आणि १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळ स्थापून १९ हजारांहून अधिक मोडकळीस आलेल्या इमारतींचा भार उपकराच्या रूपाने उचलावा लागला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या आणि त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

हा नवा कायदा कार्यकर्त्यांनी वाचलेला नसतो. म्हणून त्यातील दोन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असे कलम ५५ म्हणते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. बारा महिन्यांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याचीच नोंदणी सक्तीची, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातील तरतुदीवरून अकरा महिन्यांच्या कराराची रूढी पडली. नव्या कायद्याने तिचा आधार केव्हाच काढून घेतला आहे. तरीही आजतागायत मुद्रांकावर अकरा महिन्यांचा मजकूर लिहून दोघेही सुरक्षित झाल्याचे समाधान मानतात. समजा भाडे महिना ४ हजार आहे. अकरा महिन्यांचे ४४ हजार झाले. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ११० रुपये, अनामत रकमेच्या मानीव व्याजापोटी आणखी थोडे, आणि नोंदणीची ठरावीक फी. एवढ्यासाठी लाखांच्या घराची आणि माणसाच्या डोक्यावरील छपराची शाश्वती आपण सोडून देतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हा कायदा सरसकट साऱ्या महाराष्ट्राला लागू नाही. त्याच्या अनुसूचींत नोंदविलेल्या क्षेत्रांना तो लागू होतो. जे गाव त्या यादीत नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो आणि त्यानुसार महिन्याच्या बोलीने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरे होते. म्हणजे भाडेकरूला संरक्षण आहे की नाही, हे तो माणूस कसा आहे किंवा घर कसे आहे यावर अवलंबून नसून गाव यादीत आहे की नाही यावर अवलंबून आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, घरपट्टी वाढली, नळाचे मीटर आले, पण भाडेकरूचा कायदा त्याबरोबर आला काय, हा प्रश्न प्रत्येक नव्या नगरपंचायतीत विचारायला हवा. २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये अशी तरतूद आहे. त्या मसुद्यावर आपले इतर आक्षेप असू शकतात, परंतु ही एक तरतूद तरी उचलण्याजोगी आहे.

आता मालकाच्या भीतीकडे वळतो, कारण कुलूप तिच्यामुळे टिकून आहे. ‘कूळ लागेल’ हे या भीतीचे नाव. हा शब्द घराचा नाही, शेताचा आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. तो न्याय होता आणि समाजवाद्यांनी त्यासाठी रक्त आटविले. परंतु ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरांतून ती आठवण नातवापर्यंत आली आणि शेतावरून वाड्यावर चढली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरू मानले, त्याने ही भीती पक्की केली. आज नोंदणीकृत परवाना करार असेल तर मुदत संपताच मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळविता येतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट भरपाई द्यावी लागते. म्हणजे ज्या कागदाला मालक भितो तोच त्याचा खरा रक्षक आहे. हे चेन्नईच्या सराफ गल्लीत बसलेल्या वारसाला सांगणार कोण?

भीतीहून मोठी अडचण हिश्शांची. वाडा एकाचा नसतोच. पणजोबाच्या नावावरची मिळकत, पाच चुलत्यांचे हिस्से, त्यांतले दोन मुंबईत, एक कोईमतूरला, एक वारलेला आणि त्याच्या मुलींची नावे अजून लागलेली नाहीत. एका खोलीला भाडेकरू ठेवला तर भाडे कोणी घ्यायचे, यावरून भावकी तुटायची. त्यापेक्षा कुलूप बरे. मग माळवदावर गवत उगवते, पावसाळ्यात तुळई कुजते, एखादे वर्षी भिंत बसते. ज्याची वाटणी होऊ शकली नाही ते अशा रीतीने सर्वांनी मिळून गमावले जाते.

याच चित्राची मोठी आवृत्ती देशाच्या आकड्यांत दिसते. २०११ च्या जनगणनेत नागरी भागात १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, सुमारे २० लाखांचा होता. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तज्ज्ञ गटाने नागरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख सांगितली. ही तूट जवळजवळ सारी दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. १९६१ साली नागरी कुटुंबांपैकी ५४ टक्के भाड्याने राहत होती. २०११ पर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. याला प्रगती म्हणावे की भाड्याची घरेच नाहीशी झाली असे म्हणावे? रिकामी घरे वाढत असताना भाडेकरू घटत असतील तर मला दुसरे उत्तर अधिक खरे वाटते.

‘प्रत्येकाला मालकीचे घर’ ही घोषणा सर्व सरकारांनी दिली आणि आपणही तिच्यामागे गेलो. फ्रेडरिक एंगेल्सने १८७२ साली लाइपझिगच्या पत्रात घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली ती प्रूधाँच्या अनुयायांच्या याच कल्पनेविरुद्ध. भाड्याचे हप्ते करून भाडेकरूला मालक करा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत एंगेल्सने जर्मन खेड्यांतील घरगुती कारागिरांकडे बोट दाखविले. त्यांच्याकडे घर आणि परसबाग आहे म्हणूनच मालक त्यांना कमी मजुरी देऊ शकतो, असा त्याचा मुद्दा होता. आमच्या भागाला हे विश्लेषण जसेच्या तसे लागू पडते. गिरणी कामगाराचे कुटुंब गावच्या घरात आणि गावच्या धान्यावर जगत होते, म्हणून गिरणीमालकाला एकट्या पुरुषाच्या पोटापुरता पगार देऊन भागले. १९८२ च्या संपात कामगार गावाकडे परतला तेव्हा त्याला पोसले ते या घरांनी. मालकीचे घर वाईट असे माझे म्हणणे नाही. पण ज्याची नोकरी दर अकरा महिन्यांनी बदलते त्याला वीस वर्षांच्या हप्त्याचे घर सुचविणे हा त्याच्या परिस्थितीचा उपहास आहे.

आणखी एका गोष्टीविषयी बोलणे भाग आहे. खोली पाहायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारला जात नाही, आडनावाचा विचारला जातो. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले आणि कोलंबियातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, हॉटेले, विहिरी आणि पाणवठे सर्वांना खुले केले, पण खासगी घराचे भाडे त्यात नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने राहत्या घराची अडवणूक करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण मालक कारण सांगतो कोठे? तो म्हणतो, पाहुणे यायचे आहेत. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या पाहणीत दलितांना आणि त्याहूनही अधिक मुसलमानांना असाच नकार मिळाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ताबुताला एकत्र खांदा देणाऱ्या गावांनी तरी हा प्रश्न स्वतःला विचारावा. १९४३ ते १९४६ या पत्री सरकारच्या काळात याच टापूतील घरांनी भूमिगतांना थारा दिला, तेव्हा कोणी अनामत मागितली नव्हती.

उपाय काय? कुलूपबंद घरावर जबर कर बसवावा, असे काही मित्र सुचवितात. मला ते फारसे पटत नाही. पाच वारसांत वाटला गेलेला कर कोणालाच झोंबत नाही आणि जिला झोंबेल ती गावात राहिलेली एखादी म्हातारी असेल. नगरपंचायतीनेच मध्ये उभे राहावे, हे अधिक व्यवहार्य दिसते. तिने वारसांकडून वाडा दहा-पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत पट्ट्याने घ्यावा, दुरुस्ती करावी, खोल्या पाडून भाड्याने द्याव्यात, दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करावा आणि उरलेले हिश्शांप्रमाणे वारसांच्या खात्यावर टाकावे. भाडेकरूशी करार नगरपंचायतीचा असेल, म्हणून आडनावाचा प्रश्न उरत नाही. मालकाचा करारही नगरपंचायतीशीच असल्याने ‘कूळ लागेल’ ही भीती उरत नाही. मुदतीअखेर वाडा वारसांना दुरुस्त होऊन परत मिळेल. भावकीचे भांडण तोवर मिटले नसेल, तर तो नगरपंचायतीचा दोष नव्हे. पैशाचा प्रश्न खरा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मधील दुसऱ्या नागरी टप्प्यात भाड्याच्या घरांसाठी स्वतंत्र घटक ठेवलेला आहे. आपल्या नगरसेवकांनी तो मागितला पाहिजे.

व्हिएन्नाचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली चढत्या दराचा गृहकर बसवून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली आणि ती विकली नाहीत, भाड्याने दिली. मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. युद्धकाळात भाडी गोठल्याने जमिनीच्या किमती पडल्या होत्या, म्हणून नगरपालिकेला जमीन स्वस्तात घेता आली. कडेगावात जमिनीच्या किमती पडलेल्या नाहीत, रस्ता रुंद झाल्यावर चढल्याच आहेत. पडलेले आहेत ते वाडे. म्हणून नवे बांधण्यापेक्षा जुन्यापासून सुरुवात करणे आपल्याला परवडणारे आहे.

यासाठी पहिले काम कार्यकर्त्यांचे आहे. गावठाणात घरोघर जाऊन कुलूपबंद घरे किती, त्यांचे वारस कोण आणि कोठे, आणि भाडेकरू किती, कोणत्या कागदावर राहतात, याची नोंद जूनच्या आत व्हावी, कारण जूनमध्ये मुले आणि तासिकांचे शिक्षक खोल्या शोधू लागतात. सर्वांत जिकिरीचे काम वारसांच्या सह्यांचे. पत्रे पाठवून त्या मिळत नाहीत, हे भावकीचे दावे पाहिलेला कोणीही सांगेल. परंतु गलाईवाले गावच्या यात्रेला आणि मोहरमला आवर्जून येतात. पाचही हिस्सेदार एका सोप्यात बसलेले असतात ते तेवढेच दोन दिवस. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा आणि पट्ट्याचा कागद त्या दोन दिवसांत त्यांच्यापुढे ठेवता येईल, एवढी तयारी आधी झालेली असली पाहिजे.